नाव न घेता सांगितलेली सवाष्ण

ही रात्रीची गोष्ट नाही.

हे आधीच सांगून टाकते. भुताच्या गोष्टीला अमावास्या लागते, ओसाड रस्ता लागतो, असं सगळे म्हणतात. इथे त्यातलं काहीच नव्हतं. शुक्रवार होता. भर दुपार होती. कुंभकोणममधलं भरलं घर होतं. दारात चपलांचा ढीग होता आणि स्वयंपाकघरात वडे तळले जात होते.

आणि तरीही...

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी देवापुढे दिवा लावून लिहायला बसले आहे. त्या दिव्यासमोर मी खोटं बोलत नाही.

सुप्रजा माझी मामेबहीण. जे घडलं ते तिच्या बाबतीत घडलं. मी तेव्हा आडुतुरैला होते, घरी सुतक होतं म्हणून जाता आलं नाही. पण तिने मला सगळं सांगितलं. एकदा रडत सांगितलं, एकदा अगदी शांतपणे. दोन्ही वेळा शब्द तेच होते.

आमची घरं इथे मराठ्यांच्या राज्यापासूनची. बाहेर तमिळ, उंबरठ्याच्या आत आमची जुनी मराठी. सुप्रजाचे वडील जयतीर्थमामा, त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. मीनाक्षीमामी दोन वर्षांपूर्वी गेल्या. अहेवपणी गेल्या. मागे दोन मुली, थोरली सुप्रजा, तिचं लग्न झालेलं, आणि धाकटी नित्या.

नित्याचं लग्न ठरलं होतं.

सुप्रजा नोकरी करते ती घरी बसूनच. चेन्नईची एक छोटी कंपनी आहे, ती फोनवर, कॉम्प्युटरवर खेळायचा खेळ बनवते. 'अरण्यकोट' नाव त्याचं. हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्या एका जगात वावरतात. कुणी योद्धा होतं, कुणी वैद्य होतं, कुणी टोळी जमवून राक्षसाच्या गुहेवर चालून जातं. कुणी नुसतंच तळ्याकाठी गळ टाकून मासे धरत बसतं.

खेळणारे प्रश्न विचारतात. बनवणारे दर गुरुवारी उत्तरं देतात. ती उत्तरं लिहिण्याचं काम सुप्रजाचं.

"उडता घोडा कधी येणार?"

"माझ्या तलवारीची धार का कमी केली? मी काय घोडं मारलं तुमचं?"

"राक्षस मेला, पण त्याचं डोकं अजून बोलतंय. असंच असतं का?"

सुप्रजा सगळ्यांना गोड उत्तरं द्यायची. कंपनीचा नियमच होता, एकही प्रश्न उत्तराशिवाय सोडायचा नाही. चेन्नईचा रंगा खेळ दुरुस्त करायचा आणि दुरुस्ती होईपर्यंत सुप्रजा वेळ मारून न्यायची. बोलणाऱ्या डोक्याची तिने गोष्टच रचली, की त्याला मरणाआधी आईला निरोप द्यायचा राहिला होता. खेळणारे इतके खूश झाले की ते डोकं तसंच बोलत ठेवलं.

चूक झाकायला गोष्ट. त्यांच्या कामातली ही रोजचीच रीत.

त्या खेळात एक तळं आहे. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, मध्ये लहानसा मंडप. चित्रं काढणाऱ्याला नमुना हवा होता, तेव्हा सुप्रजानेच फोटो पाठवले होते. सुंदरपेरुमाळ कोयिल हे गाव म्हणजे मामींचं माहेर. तिथे गावाबाहेर एक जुनं तळं आहे, आता फारसं कुणी जात नाही. मामी लहानपणी मुलींना तिथे घेऊन जायच्या, पण पाण्यात उतरू द्यायच्या नाहीत.

का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

नित्याच्या लग्नाची खरेदी चालू होती, त्या दिवसांत तो प्रश्न पहिल्यांदा आला. विचारणारीचं खेळातलं नाव मिन्नल.

"तळ्याच्या खालच्या पायरीवर ती बाई बसते, ती कोण? तिच्याकडून काय मिळतं?"

सुप्रजाने रंगाला फोन लावला.

"कुठली बाई, अक्का?" रंगा म्हणाला. "तळ्यावर मी फक्त मासे ठेवलेत. आणि एक बेडूक."

"मग ही काय विचारतेय?"

"थट्टा करत असेल. बेडकाला बाई म्हणत असेल. नवरा मिळत नसेल तिला."

दोघंही हसले.

पुढच्या गुरुवारी तोच प्रश्न वेगळ्या माणसाने विचारला. मग आणखी कुणी. ही माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. एक कोइमतूरचा, एक सिंगापूरची, एक कुठला तरी शाळेतला मुलगा. पण सांगत सगळे एकच होते.

बाई पाठमोरी बसते. तोंड पाण्याकडे. नऊवारी साडी. केस मोकळे आणि ओले.

ती असली की तळ्यावरचे सगळे आवाज बंद होतात. ना पाण्याचा आवाज, ना पाखरांचा, ना बेडकाचा.

आणि बोलायला गेलं की... ती काहीच बोलत नाही.

सुप्रजाने स्क्रीनशॉट मागवले. ढिगाने आले. तिने एकेक उघडून पाहिला.

एकाही चित्रात बाई नव्हती.

पायऱ्या होत्या. पाणी होतं. सगळ्या पायऱ्या उन्हात कोरड्या होत्या. फक्त खालच्या पायरीवर, एक माणूस बसेल एवढी जागा... ओली होती.

"रंगा, ती ओल कुठून आली?"

या वेळी रंगा हसला नाही. "शोधतोय, अक्का. मी तिथे ओल ठेवलेलीच नाही."

मग एका दुपारी सुप्रजा स्वतः खेळात शिरली आणि तळ्यावर गेली. बाई दिसली नाही. ओलही दिसली नाही. ती वळणार, इतक्यात कानातलं पाखरांचं संगीत थांबलं. पाणी थांबलं.

तिने फोनचा आवाज वाढवला. काहीच नाही.

बाहेर गल्लीत रिक्षा वाजत होती, ती मात्र स्पष्ट ऐकू येत होती.

तिने खेळ बंद केला.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लग्नाआधी आमच्या घरी सवाष्णी जेवू घालतात. इकडे त्याला सुमंगली प्रार्थना म्हणतात. घरातल्या ज्या बायका अहेवपणी गेल्या, त्यांनी येऊन मुलीला आशीर्वाद द्यावा म्हणून हे करायचं. जिवंत सवाष्णी असतात, त्यांना आदल्या दिवशी घरी जाऊन कुंकू लावून, तेल-शिकेकाई देऊन सांगायचं. आणि ज्या गेल्या, त्यांनाही सांगायचं. देवघरासमोर उभं राहून. नाव घेऊन.

त्यांच्यासाठी न्हाणीघरात तेल, शिकेकाई, हळद आणि ऊन पाणी ठेवायचं. पाटावर नवी साडी ठेवायची, तिच्यासमोर केळीचं पान मांडायचं, सगळं वाढायचं, आणि दार लोटून बाहेर थांबायचं. दिसणार काहीच नसतं. पण ती येते, जेवते, अशी आमची श्रद्धा आहे. नंतर ती साडी लग्नाच्या मुलीला नेसवतात.

सुप्रजाच्या लग्नात तशीच साडी मीनाक्षीमामींनी आपल्या हाताने तिला नेसवली होती.

नित्याला आता ती पाटावरूनच मिळणार होती. लग्न ठरल्यापासून ती एकच वाक्य बोलत होती, "दागिने नकोत मला. आईची साडी तेवढी नीट होऊ दे."

सुप्रजाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आई यायला हवी. धाकटीसाठी तरी यायला हवी.

गुरुवारी मंगलाआत्या आल्या. या मामांच्या बहीण, म्हणजे माझ्या मावशी, पण आम्ही सगळीच त्यांना आत्या म्हणतो. घरात सगळ्यांत वडील. त्यांनी सुप्रजाला देवघरासमोर उभं केलं.

"नाव घेऊन सांग, गे. पुरतं नाव."

"मीनाक्षीबाई," सुप्रजा म्हणाली. "उद्या आमच्या घरी सवाष्ण म्हणून जेवायला यावं."

"हां. नावाशिवाय कधी सांगू नये," आत्या कुंकवाची वाटी झाकत म्हणाल्या. "नाव नसलं की वाटेवरचं कुणीही येतं. आणि सांगितलेली सवाष्ण पानावरून उठवता येत नाही."

"मग काय करायचं, आत्या?" नित्याने गंमतीने विचारलं.

"काय करायचं? जन्मभर वाढत बसायचं. तुझ्या अप्पांना वाढते तसं."

मामा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "ऐकू येतंय मला."

सगळे हसले. सुप्रजाही हसली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गुरुवार होता. उत्तरं द्यायची राहिली होती. सगळ्यांत वर तोच प्रश्न होता, शेकडो जणांनी विचारलेला. 'ती बाई कोण? तिला काय हवं आहे?'

रंगाचा निरोप आला, "अक्का, मला काही सापडत नाही. आज काहीतरी लिहून टाका. नेहमीसारखं."

सुप्रजा लॅपटॉप घेऊन माजघरात बसली. बोटाला कुंकू तसंच होतं. मनात आत्यांचे शब्द होते, उद्याचा स्वयंपाक होता, आई होती.

तिने लिहिलं, "ती बाई कुणाला मारत नाही, कुणाला काही देतही नाही. ती भुकेली आहे. कुणीतरी आपल्याला जेवायला सांगावं म्हणून ती वाट पाहत बसली आहे. तिच्या पायरीवर कुंकू आणि तेल ठेवा. मग हा मंत्र म्हणा."

आणि मंत्र म्हणून तिने आपल्या घरचंच वाक्य दिलं. तमिळ अक्षरांत, पण शब्द आमचे. खेळणाऱ्यांना ते एखाद्या जुन्या जादूच्या भाषेसारखं वाटेल म्हणून.

'उद्या आमच्या घरी सवाष्ण म्हणून जेवायला यावं.'

नाव लिहिलं नाही. त्या बाईला नावच नव्हतं.

तिच्या मनात काही पाप नव्हतं हो. काम उरकायचं होतं, इतकंच.

संध्याकाळी तिने सहज पाहिलं. तळ्याच्या पायऱ्या माणसांनी भरून गेल्या होत्या. योद्धे आले होते, वैद्य आले होते, राक्षसाशी लढणाऱ्या टोळ्या शस्त्रं खाली ठेवून ओळीने उभ्या होत्या. प्रत्येक जण खाली उतरत होता, कुंकू ठेवत होता, तेल ठेवत होता. आणि पडद्यावर एकामागून एक तेच वाक्य उमटत होतं. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता.

आमच्या घरी... आमच्या घरी... आमच्या घरी...

"केवढी गर्दी! लोकांना फार आवडलंय," रंगाने कळवलं.

सुप्रजाला बरं वाटलं. तिने लॅपटॉप मिटला आणि उडीद भिजत घालायला गेली.

शुक्रवारी सकाळी आत्यांनी न्हाणीघरात ऊन पाण्याची बादली ठेवली. तेलाची वाटी, शिकेकाई, हळद ठेवली. मामींचा पितळी लोटा ठेवला. मामांच्या दुकानातला, मामींच्या रोजच्या वापरातलाच तो. मग दार लोटलं आणि सगळ्या कामाला लागल्या.

थोड्या वेळाने...

न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला.

लोट्याने पाणी अंगावर घेतल्याचा. सावकाश. पुन्हा एकदा. पुन्हा.

स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका जिथल्या तिथे थांबल्या. प्रत्येकीने दुसरीकडे पाहिलं. सगळ्या तर इथेच होत्या.

आत्यांचे डोळे भरून आले. "वहिनी आली," त्या हळूच म्हणाल्या. "आली गे पोरींनो, तुमची आई आली."

नित्याने सुप्रजाचा हात घट्ट धरला. दोघी रडायला लागल्या.

आणि रडता रडता सुप्रजा थांबली.

ती कशाची तरी वाट पाहत होती.

मीनाक्षीमामींची एक सवय होती. सगळ्या घराला माहीत होती, मलाही. अंघोळ झाली की त्या लोटा न्हाणीतल्या दगडावर उपडा घालायच्या. टण् असा आवाज यायचा. तो आवाज आला की मुली म्हणायच्या, आईचं झालं, आता कॉफी. सगळ्या जन्मात मामींनी तो लोटा कधी सुलटा ठेवला नाही.

पाण्याचा आवाज थांबला.

सुप्रजा कान देऊन उभी राहिली.

टण् झालं नाही.

ती जाऊन पाहून आली. बादली रिकामी होती. दगड ओला होता. लोटा सुलटा होता, काठोकाठ भरलेला. न्हाणीघरात शिकेकाईचा वास नव्हता.

शेवाळाचा होता.

"आत्या, हे..."

"पाणी सांडलं असेल, मोरी तुंबली असेल, वास येतो," आत्या म्हणाल्या. "चल, पानं घ्यायची आहेत. रडं पुरे."

दुपारी मधल्या खोलीत पाट मांडला. त्यावर तिरुभुवनमची रेशमी नऊवारी, हिरवी, तांबड्या काठांची, घडी करून ठेवली. समोर केळीचं पान. भात, वरण, वडे, पायसम, कोशिंबीर, सगळं वाढून झालं. आत्यांनी हात जोडले आणि दार लोटून घेतलं.

बायका बाहेर बसल्या.

आतून आवाज नाही.

मग शेजारचा टीव्ही ऐकू येईनासा झाला.

गल्लीतला भाजीवाला ऐकू येईना. वरचा पंखा फिरत होता, पण त्याची नेहमीची करकर नव्हती.

सुप्रजाने इकडेतिकडे पाहिलं. तिला ही शांतता ओळखीची होती. तळ्यावर ऐकली होती ती.

कमरेला खोचलेला फोन थरथरला. रंगाचा निरोप होता.

"अक्का, ती बाई सकाळीच उठली. मिन्नलने पाहिलं, आणखी कितीतरी जणांनी पाहिलं. पायऱ्या चढून वर गेली. आता तळ्यावर नाही. हे तुम्ही केलंत का? मी तर काहीच केलेलं नाही."

सुप्रजाने फोन पुन्हा कमरेला खोचला.

दारामागे, अगदी दाराला लागून... कुणीतरी ओली साडी पिळल्यासारखं पाणी ठिबकलं.

मग टीव्ही पुन्हा ऐकू आला. पंखा करकरला.

आत्यांनी दारावर टिचकी मारली, खाकरल्या, आणि दार उघडलं.

पानावरचा भात मध्ये खोलगट झाला होता, बोटांनी चेपल्यासारखा. बायकांनी भक्तीने हात जोडले. साडीची घडी तशीच होती, पण हात लावला तर ओली, गार.

"सोवळ्यात धुतलेली ना, नीट वाळली नसेल," कुणीतरी म्हणालं.

सुप्रजा जमिनीकडे पाहत होती. मागच्या दारापासून पाटापर्यंत ओली पावलं होती. बारीक, लांबट पावलं. मीनाक्षीमामींची पावलं पसरट होती, त्यांना चपला मिळायच्या नाहीत.

आणि पावलं फक्त येतानाची होती.

जातानाची... नव्हती.

"नित्या, ये," आत्या आनंदाने म्हणाल्या. "आईचा प्रसाद आहे, नेस."

"नको!" सुप्रजा पुढे झाली. "आत्या, ती साडी नित्याला देऊ नका."

"काय बोलतेस?"

"ओली आहे. आपण दुसरी..."

"दुसरी?" आत्यांचा आवाज चढला. "वहिनीने हात लावलेली साडी टाकून दुसरी? शिकून शहाणी झालीस का फार? दिवसभर त्या डब्यात डोकं घालून बसतेस, रीत विसरलीस!"

नित्याचा चेहरा पडला. "अक्का, तुला आईने हाताने नेसवली होती. मला एवढीच मिळणार आहे. तीही नको म्हणतेस?"

सुप्रजाने साडीकडे पाहिलं. आई आलीच नाही, हे लग्नाच्या मुलीला कसं सांगायचं? जी आली तिला मी बोलावलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तिने साडी उचलली.

"मी नेसते आधी," ती म्हणाली. "मीही या घरची लेकच. थोरलीचा मान आधी."

आत्यांनी कपाळाला हात लावला. मग नित्या हसली. फार वाईट हसली ती.

"घे," ती म्हणाली. "तूच घे. आईसुद्धा घे."

सुप्रजा मागच्या खोलीत गेली आणि साडी नेसली. साडी बर्फासारखी गार होती. तिने निऱ्या केल्या, पदर घेतला. पदर खांद्यावर टाकताना तो कुणीतरी पाठीमागून नीट केला.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

ती ओरडली नाही. बाहेर नित्या होती.

लग्न छान झालं. नित्या सुखात आहे, सासरची माणसं देवमाणसं आहेत. पण निघताना तिने सगळ्यांच्या पाया पडून निरोप घेतला, सुप्रजाकडे मात्र पाहिलं नाही. अजूनही फोन करत नाही.

सुप्रजा आपल्या घरी परतली. साडी बरोबर आणावीच लागली. ती अजून वाळलेली नाही. गच्चीवर उन्हात घातली तरी संध्याकाळी ओलीच असते.

बाकी काही त्रास नाही. खरंच नाही. फक्त तिची अंघोळ झाली की थोड्या वेळाने न्हाणीघरात पुन्हा पाणी वाजतं. तिचा नवरा रघुनंदन म्हणतो, "नळ नीट बंद करत जा." ती 'हो' म्हणते. जेवताना ती एक पान जास्त मांडते. तोही आता विचारत नाही.

तिने आत्यांना एकदा आडून विचारलं, की सवाष्णीला परत कसं पाठवायचं.

"ओटी भरून," आत्या म्हणाल्या. "नाव घेऊन सांगायचं, नाव घेऊनच पाठवायचं."

नाव तिच्याकडे नाही.

हे सगळंही तिने सोसलं असतं. म्हणाली मला तसं. नित्यावरचं माझ्यावर आलं, झालं तर.

पण लग्नानंतरच्या गुरुवारी रंगाचा फोन आला.

"अक्का, तळ्यावर पुन्हा बाई बसली आहे."

"तीच?" सुप्रजाने विचारलं. तिच्या घरात त्याच वेळी पाणी वाजत होतं.

"नाही. दुसरी. बुटकी आहे म्हणतात, गोल चेहऱ्याची. केसांत फुलं. ही पाण्याकडे पाहत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहते. आणि शेजारी एक लोटा ठेवलाय. उपडा."

सुप्रजाने न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं.

"आणि अक्का, ही बोलते. प्रत्येकाला एकच काहीतरी विचारते. कुठली भाषा आहे कळत नाही. त्या दिवशीच्या तुमच्या मंत्रासारखी वाटते. मिन्नलने ऐकून लिहून पाठवलंय. वाचू का?"

"वाच."

रंगाला आमच्या भाषेतला एकही शब्द येत नाही. त्याने अडखळत, एकेक अक्षर जोडत वाचलं.

"आमच्या... नित्याचं... लग्न... झालं का?"

त्या कंपनीत नित्याचं नाव कुणालाही माहीत नाही.

तेव्हापासून दर गुरुवारी तोच प्रश्न सगळ्यांत वर असतो. 'तळ्यावरच्या बाईला काय उत्तर द्यायचं?' सुप्रजा बाकी सगळी उत्तरं लिहिते. उडत्या घोड्याची, तलवारीची. तेवढं एक सोडून देते.

मी तिला म्हटलं, "अगं, मामीच असतील. पान दुसरीने घेतलं म्हणून बाहेर राहिल्या. नाव घेऊन सांग ना त्यांना, ये म्हणून सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं. किती वाळली आहे ती.

"आणि ती आई नसली तर?" ती म्हणाली. "मी एकीला नावाशिवाय बोलावलं. ती इथे राहून सगळं शिकलीय. आईची सवय, नित्याचं नाव, आपली भाषा. तिची कुणी सोबतीण तिथे बसली असेल आणि हिनेच तिला शिकवून ठेवलं असेल तर? आईचं नाव घेऊन मी कुणाला आत घेईन?"

"आणि ती आई असली तर..." एवढंच म्हणून ती उठली.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. दुपारची वेळ. रघुनंदन कामावर गेलेला. आम्ही दोघीच कॉफी घेत बसलो होतो. निघायला उठले, तिने मला कुंकू लावलं, आणि आत न्हाणीघरात पाणी वाजायला लागलं.

सुप्रजाने वर पाहिलंसुद्धा नाही. विड्याची पानं मोजून माझ्या हातात दिली.

मी उंबरठ्यावर थांबले. पायांत चपला घातलेल्या, हातात पानं. पाणी थांबलं.

मी मनात विष्णूचं नाव घेत उभी राहिले आणि वाट पाहिली. ही मामींची सवय शिकली असेल, तर टण् होईल. कपभर कॉफी निवेल इतका वेळ वाट पाहिली.

लोटा उपडा घातल्याचा आवाज... आला नाही.